मणका 'बसवून' घेण्याआधी

कमरेत उसण भरली की गावाकडे पायाळू माणसाची शोधाशोध व्हायची. जन्मताना पायाकडून बाहेर आलेल्या माणसाने कमरेला हलकी लाथ लावली की उसण उतरते, अशी समजूत. आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांची उतरायचीही. आता त्या जागी मोबाइलवरचे व्हिडिओ आले आहेत. टेबलावर पालथा पडलेला माणूस, पाठीजवळ धरलेला माईक, एक झटका, 'कट्' असा आवाज, आणि लगेच उठून हसत चालणारा रुग्ण. ते पाहून माझ्याकडे येणारी माणसे विचारतात, "आम्हीही एकदा मणका बसवून घ्यावा का?"

या झटक्याच्या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात आणि तो करणाऱ्याला कायरोप्रॅक्टर. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे त्याचा एका अर्थी प्रतिस्पर्धीच. माझे बोलणे त्या मापाने घ्यायला हरकत नाही. पण हाताने सांधे हलवण्याचे, झटका देण्याचे काम आमच्यातलेही काही जण करतात, त्यामुळे त्यात काय आहे आणि काय नाही हे आतून माहीत आहे.

आधी पायाळूच्या यशाचे पाहू, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. नव्याने उद्भवलेली साधी कंबरदुखी बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप कमी होते. माणूस इलाज शोधायला निघतो तो दुखणे अगदी असह्य झाले की. म्हणजे तिथून पुढे ते उतरणारच असते. त्याच वेळी कोणी लाथ मारली, तेल चोळले, सुई टोचली किंवा मणका कटकन वाजवला, की श्रेय त्याला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते. म्हणून 'शेजारच्या काकांना बरे वाटले' यावरून काही ठरत नाही. इलाज घेतलेले आणि न घेतलेले असे दोन गट शेजारी ठेवून पाहिले तरच कळते.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डॅव्हेनपोर्ट गावातून. डॅनियल डेव्हिड पामर हा तिथे चुंबकीय उपचार करायचा. सप्टेंबर १८९५ मध्ये त्याने त्याच इमारतीत साफसफाईचे काम करणाऱ्या हार्वी लिलार्डच्या पाठीचा मणका दाबला आणि लिलार्डचा बहिरेपणा गेला, असा त्याचा दावा. कानाची नस मेंदूकडे जाते ती कवटीच्या आतूनच. पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही. पण पामरने त्यावर अख्खे शास्त्र उभे केले. शंभरातले ९५ आजार मणके जागचे हलल्यामुळे होतात, असे तो लिहून गेला.

त्याचा वारसा आजही दुभंगलेला आहे. कायरोप्रॅक्टरांमधला एक गट पाठ, मान आणि सांध्यांची दुखणी एवढेच आपले काम मानतो, व्यायाम सांगतो, गरज पडली तर सर्जनकडे पाठवतो. दुसरा गट अजून पामरच्या वाटेने जातो आणि मणके सरळ केले की दम्यापासून पोटदुखीपर्यंत सगळे सुधारते म्हणतो. ब्रिटनमध्ये या व्यवसायासाठी १९९४ चा कायदा आहे. त्याखालच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये सांगितले की मणका जागचा हलल्याने आजार होतात, या जुन्या कल्पनेला संशोधनाचा आधार नाही. समोरचा कोणत्या गटातला आहे हे ओळखायला फार वेळ लागत नाही. 'शुगर, बीपी, थायरॉइड सगळे मणक्यातून' असे वाक्य कानावर पडले की चपला घालाव्यात.

मग मणका सरकतो की नाही?

तुम्हाला वाटतो तसा नाही. मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५ असे २४ हलणारे मणके आपल्याला असतात, त्यांच्याखाली एकजीव झालेले त्रिकास्थी आणि माकडहाड. दोन मणक्यांमधली चकती, जिला लोक गादी म्हणतात, ती नुसती मध्ये ठेवलेली नसते. वरच्या आणि खालच्या हाडाला ती पक्की जोडलेली असते. पुढून-मागून अस्थिबंध, बाजूने स्नायूंचे थर. हे सगळे रात्री वाकडे झोपल्याने किंवा बादली उचलल्याने जागचे निघत नाही. मणका खरोखर पुढे सरकण्याचा एक वेगळा आजार आहे, पण तो एक्स-रेवर स्पष्ट दिसतो आणि झटक्याने मागे जात नाही. गादी 'सरकली' म्हणतात तेव्हाही अख्खी गादी हललेली नसते. तिचे बाहेरचे कडे कमजोर होऊन आतला मऊ भाग फुगतो किंवा बाहेर येतो.

स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये एक छान गोष्ट तपासली. कमरेखाली ढुंगणाच्या वरच्या बाजूला जो सांधा असतो, तो 'जागचा हलला आहे' असे ज्यांना हाताने तपासून सांगण्यात आले होते, अशा १० रुग्णांवर मॅनिप्युलेशन, म्हणजे हाताने झटका देण्याचा हाच उपचार, केले. आधी आणि नंतर अतिशय काटेकोर एक्स-रे पद्धतीने हाडांची जागा मोजली. तपासणाऱ्यांना हाताला सांधा 'बसला' असे जाणवले. मोजमापात हाडे होती तिथेच होती.

तरीही रुग्णाला मोकळे वाटते, ते खोटे नसते. टेबलावर नेमके काय होते ते सांगतो. रुग्णाला कुशीवर झोपवतात. खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात वाकवून टेबलाच्या कडेवर. खांदा मागे आणि कंबर पुढे अशी पीळ देत सैलपणा संपेपर्यंत हळूहळू न्यायचे आणि तिथे थांबायचे. रुग्णाने श्वास सोडला की तिथून पुढे एक छोटासा, पण चपळ झटका. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत तो संपतो. या अचानक ताणाने आखडलेले स्नायू थोडा वेळ सैलावतात, मेंदूकडे जाणारी वेदनेची जाणीव काही काळ मंदावते, हालचाल वाढते. कोणी काळजीने हात लावला, ऐकून घेतले, 'बरे होईल' म्हटले, याचाही वाटा असतो आणि तो लहान नसतो.

आवाजाचे सांगायचे तर तो हाड बसल्याचा नाहीच. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन भाग झटकन दूर गेले की आतला दाब पडतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०१५ मध्ये बोटांचे सांधे एमआरआयमध्ये ठेवून हे प्रत्यक्ष टिपले गेले. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण २० मिनिटे जावी लागतात. पाठीत तर ज्या मणक्यावर हात असतो त्याऐवजी पुष्कळदा शेजारचाच वाजतो. आवाज आला नाही म्हणून उपचार फसला, हे खरे नाही. मोठा आला म्हणून जास्त गुण येतो, हेही नाही. माईक लावतात तो बघणाऱ्यांसाठी.

फायदा होतो का, नेमका किती?

होतो, पण बेताचा. नव्या कंबरदुखीवरच्या २६ चाचण्या एकत्र करून २०१७ मध्ये एक आढावा निघाला. त्यात मॅनिप्युलेशन घेतलेल्यांचे दुखणे १०० च्या मापावर सरासरी १० अंकांनी जास्त उतरले. जुनाट कंबरदुखीसाठी २०१९ मध्ये ४७ चाचण्यांमधल्या ९,२११ रुग्णांचा हिशेब मांडला गेला. निष्कर्ष असा की व्यायामासारख्या मान्यताप्राप्त उपचारांइतकाच याचाही उपयोग होतो. जास्त नाही, कमीही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात शिक्षण, व्यायाम, मसाज यांच्याबरोबर मणक्याचे मॅनिप्युलेशनही आहे. आणि जे करू नका म्हणून सांगितले आहे ते आपल्याकडे सर्रास चालते: कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन किंवा यंत्र लावून कंबर ओढणे. ब्रिटनच्या सूचना आणखी एक अट घालतात: हाताने केलेले उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, एकटे नाहीत.

मला यातून एवढेच वाटते की कोणाला झटक्याने मोकळे वाटले आणि त्या मोकळ्या चार दिवसांत तो चालायला, व्यायाम करायला लागला, तर पैसे वसूल. झटका घेऊन पुन्हा पलंगावर पडून राहणार असेल तर काही उपयोग नाही.

पलंगावरून आठवले. 'फळीवर झोपा, जमिनीवर झोपा' हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली होती. तीन महिन्यांनी मध्यम कडक गादीवाले जास्त बरे होते. जमिनीवर झोपून तुम्हाला बरे वाटत असेल तर झोपा; वाटत नसेल तर सासूबाईंच्या आग्रहाखातर हाल काढू नका.

"एमआरआयमध्ये गॅप आलाय, तो भरून निघेल का?"

हा प्रश्न तर रोजचा. एल-४ आणि एल-५, म्हणजे कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मध्ये 'गॅप' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्या दोन मणक्यांमधली चकती सुकून तिची उंची कमी झालेली असते, म्हणजे जागा उलट घटलेली असते. ती कोणत्याही झटक्याने, ओढण्याने किंवा यंत्राने पुन्हा पूर्ववत होत नाही. तशी गरजही बहुतेकांना नसते. काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या २०१५ च्या एका आढाव्यात एकत्र केल्या होत्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज सापडली, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. विशीतल्या ३० टक्के लोकांची चकती फुगलेली होती. केस पिकतात तशी ही झीज होते. म्हणून रिपोर्टमध्ये काय लिहिले आहे यापेक्षा ते तुमच्या दुखण्याशी जुळते का, हे तपासणाऱ्याने पाहायचे असते.

चकतीचा बाहेर आलेला भागही पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेते. शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांवरच्या २०१७ च्या एका आढाव्यात सुमारे दोन-तृतीयांश जणांमध्ये तो आपोआप आक्रसला होता. याला महिने लागतात. त्या महिन्यांत यंत्राने कंबर ओढण्याचे 'डिकम्प्रेशन' नावाचे महागडे पॅकेज घेणाऱ्याला ते त्याच यंत्राने झाले असे वाटले, तर त्याला तरी कसा दोष द्यायचा?

मान वाजवून घेणे सुरक्षित आहे का?

इथे माझा हात आखडता आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांमधून वर चढतात आणि सगळ्यात वरच्या मणक्यावर वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान एकदम फिरवल्यावर ताण येतो तो याच वळशावर. धमनीचा आतला पापुद्रा फाटला तर तिथे गुठळी होते, ती पुढे गेली तर पक्षाघात. तरुण आणि मध्यमवयीन माणसांच्या पक्षाघाताचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

हे क्वचित घडते, आणि झटक्यामुळेच घडते का यावर अजून वाद आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या अशा ८१८ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये आला. त्यात कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांचा संबंध दिसला, तसाच फॅमिली डॉक्टरकडे गेलेल्यांचाही दिसला. अर्थ असा निघतो की काहींची धमनी आधीच फाटलेली असते, मान आणि डोके दुखते म्हणूनच ते कोणाकडे तरी जातात. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण त्याने मला धीर येत नाही, उलट काळजी वाढते. कारण असा रुग्ण समोर आला तर त्याची मान फिरवणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितले की थेट कारण सिद्ध झालेले नसले तरी मानेला झटका देण्यापूर्वी रुग्णाला या धोक्याची कल्पना द्यायला हवी. तुम्हाला ती कोणी दिली होती का?

त्यात मानेसाठी पर्याय हाताशी आहेत. मानदुखीच्या २७२ रुग्णांवरच्या २०१२ च्या एका चाचणीत मॅनिप्युलेशन औषधांपेक्षा सरस ठरले, पण घरी करायचे साधे व्यायाम आणि सल्ला एवढ्यानेही जवळपास तेवढाच गुण आला. धोका थोडा असला तरी तो घ्यायचा कशासाठी?

सलूनमधला झटका तर आणखी वाईट, कारण तिथे तपासणी हा प्रकारच नाही. मालीश झाल्यावर न्हावी हनुवटी धरायला लागला की 'मान राहू दे' म्हणून थेट सांगावे. एरवी आपण भिडेखातर गप्प बसतो.

मान वाजवल्यानंतर काही तासांत किंवा दिवसांत कधी न दुखलेल्या जागी तीव्र वेदना, गरगरणे, एकाचे दोन दिसणे, जीभ जड होणे, गिळताना ठसका, चालताना तोल जाणे यांतले काहीही झाले तर पुन्हा त्याच क्लिनिकला फोन करत बसू नका. थेट मोठे रुग्णालय, आणि तिथे 'मान मोडून घेतली होती' हे पहिल्या वाक्यात सांगा.

कोणी या वाटेला जाऊच नये?

हाडे ठिसूळ झालेल्यांनी, वर्षानुवर्षे स्टिरॉइड घेणाऱ्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, कर्करोग होऊन गेलेल्यांनी, संधिवाताने मान पकडलेल्यांनी, पडल्या-झडल्यावर पाठ दुखणाऱ्यांनी. आणि आपल्याकडे आणखी एक मोठे कारण आहे, जे परदेशी व्हिडिओंमध्ये कधी ऐकू येणार नाही: मणक्याचा क्षय. त्यात खोकला असेलच असे नाही. पाठीत एकाच जागी महिनोन्महिने दुखणे, रात्री जास्त, संध्याकाळी कणकण, भूक मंद, वजन उतरलेले. आत मणका पोखरला जात असतो. त्यावर झटका दिला तर मणका ढासळून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, पाय लुळे पडू शकतात. वेळेत निदान झाले तर हा आजार औषधांनी बरा होतो आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. असे दुखणे अंगावर काढत चार ठिकाणी मालीश करून आलेली माणसे पाहिली की जीव तुटतो.

तिशीच्या आतल्या मुलाची पाठ सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली आणि हालचाल केल्यावर मोकळी होत असेल, तर तो वाताचा प्रकार असू शकतो. त्याने आधी संधिवाततज्ज्ञ गाठावा.

रातोरात रुग्णालय गाठावे अशी लक्षणेही आहेत. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मध्ये आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, दोन्ही पायांत वाढत जाणारी कमजोरी. कमरेच्या खालच्या नसांचा अख्खा जुडगा दबला की असे होते आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला तर ताबा परत येईलच असे नाही. चालताना एका पायाचा पंजा फरफटू लागला तर तेही उद्यावर ढकलू नये.

लहान मुलांबद्दल विचारतात. ऑस्ट्रेलियात एका तान्ह्या बाळाच्या पाठीवर उपचार करतानाचा व्हिडिओ पसरल्यावर तिथल्या नियामक मंडळाने २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांचे मणक्याचे मॅनिप्युलेशन थांबवायला सांगितले. बाळ रडते म्हणून त्याचा मणका वाजवायचे कारण मला तरी दिसत नाही.

जायचेच असेल तर कोणाकडे?

अमेरिकेत कायरोप्रॅक्टर होण्यासाठी साधारण चार वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रम आणि राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे या व्यवसायासाठी तशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे परदेशात रीतसर शिकून आलेला आणि शनिवार-रविवारची कार्यशाळा करून पाटी लावलेला, दोघांच्या दारावरची अक्षरे सारखीच दिसू शकतात. फोनवरच विचारा: पदवी कोणती, कुठली, किती वर्षांची? फिजिओथेरपिस्ट असेल तर महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक मागा. खरा माणूस रागावत नाही.

पण पाटीपेक्षा पहिली वीस मिनिटे जास्त सांगून जातात. जाणकार माणूस आधी बसवून विचारतो: कधीपासून, रात्री जाग येते का, ताप, वजन, लघवी, जुने आजार, चालू गोळ्या. मग टाचांवर चार पावले चालायला लावतो, चवड्यांवर चार. उताणे झोपवून पाय सरळ वर उचलून कुठे कळ येते ते पाहतो. पायाचा अंगठा आपल्या बोटाविरुद्ध वर ओढायला सांगतो, दोन्ही बाजूंची ताकद ताडतो, गुडघ्यावर छोटी हातोडी मारतो. यातले काहीच न करता कोणी तुम्हाला टेबलावर पालथे घातले तर उठून यावे, फी भरलेली असली तरी. दाखवलेली फाइल न उघडता प्रत्येकाचा एक्स-रे काढून 'मणका वाकडा आहे' सांगणाऱ्याचेही तेच.

उपचारानंतर एखादा दिवस अंग ठणकणे, थोडा थकवा येणे हे सुमारे निम्म्या लोकांना होते आणि बहुतेकांचे चोवीस तासांत जाते. दुखणे कमरेतून पायात उतरू लागले किंवा मुंग्या वाढल्या तर पुढची सिटिंग थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

सिटिंगवरून आठवले, किती घ्यायच्या? चार ते सहा वेळा केल्यावर चालणे, बसणे, झोप यांत काहीच फरक नसेल तर सातव्यांदा तेच करण्याऐवजी निदान पुन्हा तपासावे. 'दर महिन्याला देखभाल' म्हणून वर्षाचे पॅकेज विकले जाते, त्यावर स्वीडनमध्ये ३२८ रुग्णांवर एक चांगली चाचणी झाली आहे. ज्यांची कंबर वारंवार दुखते आणि ज्यांना पहिल्या काही उपचारांतच स्पष्ट गुण आला होता, अशांनाच त्यात घेतले होते. ठरावीक अंतराने उपचार घेतलेल्यांचे वर्षातले त्रासाचे दिवस साधारण १३ ने कमी झाले. पहिल्यापासून गुण न आलेल्या माणसाला हा हिशेब लागू पडत नाही. आणि गुण आलेल्यालाही बारा महिन्यांचे पैसे पहिल्याच दिवशी भरायला या चाचणीने सांगितलेले नाही.